लक्ष्मीचं बोलावणं

माझी सासू रंगूबाई ही बाळकुमातली सगळ्यात भांडकुदळ बाई होती. हे मी तिच्या माघारी म्हणत नाही, तिच्या तोंडावर म्हणत आले, आणि तिला ते आवडायचं. गावात तिचं कुणाशी पटत नव्हतं, तरी तिच्यावाचून कुणाचं लग्न लागत नव्हतं. ती धवलारीण होती. आम्हा आगरी लोकांत तेव्हा लग्नाला भटजी आला तर आला, नाही आला तर अडत नसे; धवले गाणारी बाई मात्र लागायचीच. हळद दळण्यापासून नवरी पाठवण्यापर्यंत प्रत्येक कामाचं गाणं असतं, आणि ते धवलारणीनं म्हटलं की ते काम पार पडलं. तिनं तोंड उघडलं नाही तर मांडवाखाली नुसतीच जेवणावळ झाली म्हणायची.

मी तिच्या मागे म्हणायची. धवलारीण एक ओळ सोडते आणि मागची बाई तीच ओळ उचलते. उचलली नाही तर ओळ फुकट गेली. माझं माहेर कल्याणचं, चार बुकं शिकलेली, म्हणून सासू मला नावानं कधी हाक मारायची नाही. 'कल्यानची' म्हणायची, आणि असं म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं मला कल्याणहून हाकलून दिलं असेल.

मांडवाच्या दिवशी घरातल्या मेल्यागेल्यांना बोलावणं करायची आमची रीत आहे. धवलारीण एकेकाचं नाव गाण्यात घेते, मागची ते उचलते आणि नवरीची आई त्या नावाचा विडा केळीच्या पानावर ठेवते. विडा पडला की तो माणूस मांडवात येऊन बसला असं धरायचं. हे चालू असताना कुणी मध्ये बोलायचं नाही आणि धवलारणीच्या अंगाला हात लावायचा नाही. धवला मध्येच तुटला तर घराचा वंश तुटतो, असं लोक मानायचे. मोठमोठ्या मिशांचे मुकादमसुद्धा तेवढा वेळ शेळीसारखे गप्प बसायचे.

एका जातीच्या मेलेल्यांना मात्र बोलावणं नसे. बाळंतपणात गेलेल्या बायका हडळी होतात म्हणून त्यांचं नाव घरात कुणी काढायचं नाही. आजोबांना विडा, पणजोबांना विडा, दारू पिऊन खाडीत बुडालेल्या चुलत्यालाही विडा. पोर जन्माला घालताना मेली तिला काही नाही.

पंढरी मुकादमाची थोरली लक्ष्मी अशीच गेली. तेराव्या वर्षी तिला कोपरच्या महिपतला दिली होती. महिपत चांगला बाप्या माणूस, कल्याणच्या रेल्वे यार्डात कामाला. पुढच्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली. दोन दिवस सुईणीनं सगळं करून पाहिलं, मग बैलगाडीत घालून ठाण्याच्या इस्पितळाकडे निघाले. राबोडीच्या अलीकडेच गाडी वळवून परत आणली. मूल पोटातच होतं. मसणातून परतताना मेलेलीनं घरची वाट ओळखू नये म्हणून मोहरी पेरतात, आणि ती पेरायला लावली तिच्या आईला, सगुणेला. आईच्या हातची मोहरी लेक ओलांडत नाही म्हणे. सगुणा रडत नव्हती. मूठ भरत होती आणि टाकत होती. माझ्या डोळ्यांपुढून ते अजून हलत नाही.

लक्ष्मीच्या लग्नात धवले माझ्या सासूनंच गायले होते.

त्रेपन्न सालच्या फाल्गुनात पंढरीनं धाकटी शकू त्याच महिपतला द्यायचं ठरवलं. सोयरीक तुटू नये, चांगला घरचा जावई हातचा जाऊ नये, इतकाच विचार. शकूला अजून तेरावं पुरं व्हायचं होतं. ती आमच्या अंगणात सागरगोटे खेळायची आणि हरली की रडायची.

याच दिवसांत नगरपालिकेच्या दवाखान्यातल्या विमलाबाई गावात येऊ लागल्या होत्या. पांढरं लुगडं, पायात चपला, हातात गुंडाळलेलं कापड. मारुतीच्या देवळाबाहेर त्यांनी ते कापड उलगडून भिंतीला लावलं, तर त्यावर बाईच्या पोटातलं मूल काढलेलं. बायकांनी तोंडावर पदर ओढले. पुरुष आधी नीट बघून घेऊन मग संतापले. विमलाबाई पुणेरी भाषेत सांगत होत्या की मुलीच्या हाडांची वाढ पुरी झाल्याशिवाय तिला मूल होणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ आहे, आणि पंधरा वर्षांच्या आत लग्न लावणं आता गुन्हा आहे. म्हाताऱ्या धाकूनं आपल्या शेळ्या मुद्दाम त्या घोळक्यातून हाकल्या. कुणीतरी शेण मारलं ते कापडावर बसलं. पंढरी पुढे झाला आणि म्हणाला, "पोरीला सोलावा लागलाय. बाय, तुमी आपला पानी उकलून पिवाचा सांगा. आमच्या पोरींचा आमी बघतू."

पोलीस पाटील पंढरीचा चुलतभाऊ. तो शेजारीच उभा राहून विडी ओढत होता. तेव्हा गुन्ह्याचं काय व्हायचं ते सांगायला नको.

सासूनंही विमलाबाईंना सोडलं नाही. गर्दीत सगळ्यांत मोठ्यानं तीच ओरडली, की चपला घालून देवळापुढे उभी राहणारी बाई आम्हाला काय शिकवणार. मला वाटलं, चला, एकदा तरी सासूचं आणि गावाचं एकमत झालं. संध्याकाळी पंढरी नारळ घेऊन लग्नाचं सांगायला आला, तर तिनं नारळ उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावला.

"मी गानार नाय," ती म्हणाली. "एक पोर मी गाऊन लावून दिली. ती कुटं हाय ती दाव मना, मंग दुसरी आन."

पंढरी आधी हसला, मग समजूत घालू लागला, मग आवाज चढवला. कोपरच्या गंगूबाईला आणतो म्हणाला. सासू म्हणाली, आण. बाळकुमातल्या मेलेल्यांची नावं गंगूबाईला माहीत नाहीत. ती काय तिच्या बापाला बोलावणार तुझ्या मांडवात? हे खरंच होतं. प्रत्येक गावचे मेलेले त्या गावच्या धवलारणीच्या तोंडात असतात, सात-सात पिढ्यांचे, आणि ते ती फक्त आपल्या मागचीला देते. म्हणजे मला. पंढरीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे वळले.

मग त्यानं खरी गोष्ट काढली. माझा नवरा दौलत त्याच्या हाताखाली मिठागरावर होता. उद्यापासून त्यानं येऊ नये, आणि बाळकुम ते कोलशेत एकाही मिठागरावर त्याला कोण उभा करतो ते बघतो, असं सांगून पंढरी गेला. नारळ उंबऱ्याबाहेर तसाच राहिला.

मी सासूशी भांडले, लपवायचं कशाला? दोन लेकरं होती माझी. दौलत कोपऱ्यात मान घालून बसला होता. आईपुढे त्याचं तोंड कधी उघडलंच नाही. मी म्हटलं, गावातल्या सगळ्या पोरींचं काय व्हायचं ते होवो, माझ्या चुलीवर पाणी ओतणारी तू कोण? दुसऱ्याच्या शकूसाठी तुझ्या नातवंडांनी उपाशी राहायचं का? सासूनं सगळं ऐकून घेतलं, आणि हेच मला खटकायला हवं होतं, कारण ती कधी कुणाचं ऐकून घेत नसे. सकाळी तिनं नारळ घरात घेतला आणि पंढरीला निरोप धाडला, की येते.

मला हायसं वाटलं, आणि थोडा रागही आला. इतकी लवकर नमली याचा.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड कोपरहून मचव्यानं आलं, ओहोटीबरोबर खाडी उतरत. बाशिंग बांधलेला महिपत, त्याची आई शेवंती, भावकी, वाजंत्री. मांडव दणक्यात घातला होता. शकूला हिरवी साडी नेसवली होती. ती तिला इतकी मोठी होत होती की निऱ्यांचा गोळा पोटावर पुढे आला होता. बायका त्यावरून चेष्टा करत होत्या, आत्ताच पोटुशी दिसते म्हणून. सगुणा हसली नाही. ती केळीचं पान मांडून, विड्यांची ताटली घेऊन सासूसमोर येऊन बसली.

शकू मात्र खुशीत होती. कोपरापर्यंत भरलेल्या हिरव्या बांगड्या ती सारख्या वाजवून बघत होती.

सासूनं बोलावणं सुरू केलं. पहिल्यांदा गावदेवी, मग पंढरीचा पणजा, आजा, आजी, बाप. ती ओळ सोडत होती, मी उचलत होते, सगुणा विडा ठेवत होती. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. पंढरी खांबाला टेकून मिशीवर हात फिरवत होता. त्याच्या बापाच्या नावानंतर बोलावणं संपायचं. मी पदर सावरला.

सासूनं श्वास घेतला आणि म्हटलं, "ये गो लक्ष्मी, मांडवान ये."

सगळा मांडव थिजला. वाजंत्र्याच्या हातातली सनई खाली आली. कुणाला बोलता येईना, कारण धवला चालू होता. आणि सासू माझ्याकडे बघत होती. ओळ माझ्याकडे होती. मी गप्प राहिले असते तर ती वाऱ्यावर गेली असती. म्हातारी बहकली म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं, शकूचं लग्न लागलं असतं आणि दौलत उद्या मिठागरावर गेला असता. हे सगळं मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. मी काही भोळी नव्हते.

पण मला दुसरंही काही आठवलं. मी या घरात आले तेव्हा शकूएवढीच होते. वर्षाच्या आत मला मेलेलं मूल झालं आणि मी उठेन असं कुणाला वाटत नव्हतं. उठले. त्यानंतर सासूनं आपली चटई आणून माझ्या नि दौलतच्या मध्ये टाकली. मी थोराड होईपर्यंत, कित्येक वर्षं, ती तिथंच झोपली. भावकीनं तिला नाही नाही ते बोलून घेतलं. सुनेचा संसार बघवत नाही म्हणाले, लेकाला वांझोटा ठेवते म्हणाले. तिनं कधी कुणाला कारण सांगितलं नाही, मलाही नाही. मी तिचा मनापासून राग करायची. माझी दोन लेकरं जगली आणि मीही जगले, ती त्या चटईमुळे, हे मला त्या मांडवात बसल्या बसल्या लख्ख कळलं.

"ये गो लक्ष्मी, मांडवान ये," मी म्हटलं. आवाज फाटला, पण म्हटलं.

सगुणेचा हात ताटलीवर थांबला होता. ती आपल्या हाताकडे बघत राहिली, त्याच हातानं तिनं मोहरी पेरली होती. मग तिनं विडा उचलला आणि केळीच्या पानावर ठेवला. ठेवला आणि त्यावरचा हात काढेना.

पंढरी खांब सोडून पुढे आला, पण दोन पावलांवर थांबला. धवला तुटला तर वंश तुटणार होता, आणि वंश म्हणून त्याच्याकडे उरली होती ती फक्त शकू. सासूनं त्याच्याकडे बघत पुढचं नाव घेतलं. धाकूची लेक, ती डोंबिवलीकडे दिली होती, तिथंच गेली. मी उचललं. शेळ्या हाकणारा धाकू मागच्या रांगेत बसला होता. त्याची बायको उठली, गर्दीतून वाट काढत पुढे आली, सगुणेच्या ताटलीतून विडा घेऊन पानावर ठेवला आणि तिथंच बसली. सासूनं आणखी एक नाव घेतलं. मग आणखी एक. बाळकुमच्या सगळ्या लेकी आणि सुना, पहिलटकरणी, कुणी चौदाची, कुणी पंधराची. नाव निघालं की मांडवाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून कुणीतरी बाई उठून यायची. कुणाची आई, कुणाची आत्या, कुणाची थकलेली सासू. या सगळ्या बायका एकमेकींच्या शेजारी राहत होत्या आणि एवढ्या वर्षांत त्यांनी एकमेकींजवळ ही नावं काढली नव्हती. विडे संपले. मग बायका नुसती सुपारी ठेवू लागल्या, तीही संपल्यावर तांदळाचा दाणा.

पुरुष एकमेकांकडे बघत नव्हते. सासूचा आवाज बसत चालला होता, पण ती थांबत नव्हती.

शेवटी महिपतची आई शेवंती उठली. तिला बाळकुमच्या धवल्याचं आणि पंढरीच्या वंशाचं काय पडलं होतं? तिनं महिपतचा दंड धरला. "हडली बसल्यान मांडवान," ती म्हणाली. "या घरची पोर मी माज्या घरान नेनार नाय." आणि लेकाला ओढत बंदराकडे निघाली. मागून सगळं वऱ्हाड उठलं.

पण खाडीला पाणी नव्हतं. भरती यायला अवकाश होता, मचवा चिखलात रुतून कलला होता. रागारागानं वऱ्हाड त्यात चढून बसलं. खाली उतरावं तर मांडवात हडळी, आणि वर ऊन. पाणी चढेपर्यंत महिपत बाशिंग बांधून चिखलातल्या मचव्यात तसाच बसून होता. कुणी त्याला तांब्याभर पाणीही नेऊन दिलं नाही. मला त्याची दया आली नाही. लक्ष्मीला इस्पितळाकडे नेताना तो गाडीबरोबर राबोडीपर्यंतसुद्धा आला नव्हता.

धवला संपल्यावर पंढरीनं सासूला मारलं. ते कुणी अडवलं नाही. दौलतनं अडवलं, पण उशिरा. आणि सगळ्यांत जास्त चिडली होती शकू. तिनं हातातल्या बांगड्या आमच्या दारावर आपटून फोडल्या आणि सासूला म्हणाली, "थेरडे, मरशील तवा तुना कोन बोलवनार नाय."

"नको बोलवू," सासू म्हणाली. तिचा ओठ फाटला होता. "तू जगशील. मना तेवरा पुरे."

त्यानंतर आम्हाला गावानं टाकलंच. विहिरीवर बायका माझा हंडा मागे सारायच्या, आमच्या कौलांवर दगड यायचे. दौलत ठाण्याच्या एका गिरणीत लागला, रोज पायी जायचा. सासूला पुन्हा कुणीही लग्नाला बोलावलं नाही. गावातले धवले कोपरची गंगूबाई गाऊ लागली, अर्धे मेलेले गाळून. विमलाबाई एकदा कौतुक करायला घरी आल्या. तुम्ही फार मोठं काम केलंत, असं काही म्हणाल्या. सासूनं त्यांना चहा दिला नाही. तू सांगितलंस म्हणून नाही केलं, असं सांगून तिनं त्यांना वाटेला लावलं. बाई मात्र चिकाटीच्या. आमच्याकडे यायच्या बंद झाल्या, सगुणेकडे जाऊ लागल्या. चपला बाहेर काढून.

एक गोष्ट तेवढी झाली. गावात कुणी न्हाणही न आलेल्या पोरीची सोयरीक काढली, की घरातली एखादी बाई हळूच म्हणायची, बघा हं, रंगू गाईल. धमकी म्हणून म्हणायची, शिवीसारखीच. पण तेवढ्यानं सोयरीक वर्ष दोन वर्षं पुढे जायची. सासूच्या कानावर हे आलं तेव्हा ती खूप वेळ हसली.

शकूचं लग्न झालं ते अठराव्या वर्षी, बाळकुमातच, गिरणीतल्या एका मुलाशी. आम्हाला आमंत्रण नव्हतं. मांडव आमच्या दारातून दिसत होता. सासू आता थकली होती. तिला मी उंबऱ्यात टेकून बसवलं होतं आणि ती तिथून गंगूबाईच्या प्रत्येक ओळीला नाक मुरडत होती. पंढरीचा पणजा झाला, आजा झाला, बाप झाला. बोलावणं संपणार तेवढ्यात सगुणा पुढे वाकून गंगूबाईच्या कानात काहीतरी बोलली. गंगूबाईनं मान हलवली. सगुणा पुन्हा बोलली. तिनं विड्यांची ताटली मांडीखाली दाबून धरली होती, देईना.

गंगूबाईनं घसा खाकरला. "ये गो लक्ष्मी, मांडवान ये."

तिच्या मागची बाई गप्प राहिली. भेदरली होती. ओळ तशीच मांडवात लोंबकळली. पंढरी खाली बघत होता. शकूनं मुंडावळ्यांतून मान वर केली आणि सरळ आमच्या दाराकडे पाहिलं.

सासूनं मला कोपरानं ढोसलं. "कल्यानची, बगते काय? उचल."

मी उंबऱ्यात उभी राहिले आणि रस्त्यापलीकडे जाईल एवढ्या मोठ्यानं ती ओळ उचलली. सगुणेनं विडा ठेवला. मग शकू बसल्या जागेवरून पुढे सरकली आणि तिनं आपल्या हातानं त्याच्या शेजारी दुसरा ठेवला.

"गंगूचा सूर परला," सासू म्हणाली. "पन नाव बराबर घेतलान." मग तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं, आणि मी तिच्याकडे बघितलं नाही.